जुनं 'इव्हनिंग स्टार' घेतलंय: गुणगुणतं, तापतं, पण हलत नाही

मिरज_ते_स्विंडन

नमस्कार मंडळी. इथे मॉडेल रेल्वेचं वेड असलेले दोघे-तिघे आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतोय.

परवा इथल्या कार बूट सेलमध्ये (गाडीची डिकी उघडून लोक घरातली अडगळ विकतात तो बाजार) एका आजींच्या टेबलावर चहाच्या किटल्या आणि जिगसॉच्या खोक्यांमध्ये हॉर्नबीचं (इथली मॉडेल रेल्वे बनवणारी कंपनी) एक जुनं इंजिन आडवं पडलेलं दिसलं. ओओ स्केल (खऱ्याच्या १:७६), २-१०-० (पुढे दोन छोटी चाकं, मग जोडलेली दहा, मागे एकही नाही), हिरवा रंग, नंबर ९२२२०, नाव 'इव्हनिंग स्टार'. खोकं नाही, कागद नाही. मालक वारले, मुलांना नको आहे. १५ पौंडांना दिलं.

स्विंडनमध्ये राहून हे इंजिन टेबलावर सोडून येणं शक्यच नव्हतं. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं हे शेवटचं वाफेचं इंजिन, मार्च १९६० मध्ये इथल्याच वर्कशॉपमधून बाहेर पडलेलं. त्या वर्कशॉपच्या इमारतींत आता आउटलेट मॉल आहे, आम्ही तिथे बूट घ्यायला जातो. पाच वर्षांत, १९६५ ला, त्याला सेवेतून काढून टाकलं. नवंकोरं म्हणावं असं इंजिन! खरं इंजिन यॉर्कच्या म्युझियमचं आहे.

तर अवस्था अशी:

डावीकडे कधीतरी जोरात आपटलेलं आहे. त्या बाजूचा क्रॉसहेड (पिस्टनच्या दांड्याच्या टोकाचा, पट्ट्यांमध्ये मागे-पुढे सरकणारा ठोकळा) त्याच्या पट्ट्यांतून बाहेर आलाय, आणि वरचे बारीक रॉड (नावं मला माहीत नाहीत) किंचित बाहेर वाकलेत. धूर बाजूला वळवणारे जे दोन पत्रे पुढे असतात, त्यातल्या डावीकडच्याला तडा. कॅबखालची पायरी गायब. टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) वरून ठीक दिसतं, पण चाकांवरचे रबर दगडासारखे झालेत.

शेजारचे अंकल मूळचे म्हापशाचे आहेत (स्विंडनमध्ये गोव्याची माणसं पुष्कळ), त्यांनी नातवासाठी मोठा सेट मांडलाय. त्यांच्या ट्रॅकवर ठेवून पाहिलं. इंजिन हललं नाही. डास कानाशी आल्यासारखा बारीक आवाज आला, आणि थोड्या वेळात टेंडर हाताला गरम लागलं. लगेच उचललं.

हत्यारं: बारीक स्क्रूड्रायव्हरचा सेट, मल्टिमीटर, चिमटे, सोल्डरिंग आयर्न. अनुभव: शून्य, मी सॉफ्टवेअरवाला. आमचे आजोबा मिरजेच्या शेडमध्ये होते, पण ते कौशल्य रक्तातून येत नाही असं दिसतंय.

सुरुवात कुठून करू? मोटार गेली असं समजू का?

---

आळशी_बोका

शोकेसमध्ये ठेवा आणि खाली पाटी लावा, 'सेवानिवृत्त'. १५ पौंडांत छान शोपीस आहे.

---

रूळावरची

बोक्याकडे लक्ष देऊ नका.

आधी एक प्रश्न: अंकलचा कंट्रोलर डिजिटल आहे का? म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा नंबर देऊन चालवतात तो, डीसीसीवाला? माझी पैज, तोच असणार. डीसीसीच्या रुळांत साधा डीसी नसतो, सारखी दिशा बदलणारी चौकोनी लहर असते, तीही चौदा-पंधरा व्होल्टच्या आसपास. तुमचं इंजिन त्या काळातलं, साध्या १२ व्होल्ट डीसीवर चालणारं, आत डिकोडर (डिजिटल हुकूम समजून मोटार चालवणारी चिप) नाही. बिचाऱ्या मोटारीला एकाच वेळी पुढेही जा आणि मागेही जा असा हुकूम मिळतो. ती जागेवर थरथरते, तो डासाचा आवाज तोच, आणि तापते. जास्त वेळ ठेवलं तर वाइंडिंग जळतं. तुम्ही लगेच उचललंत, त्यामुळे मोटार वाचली असण्याची शक्यता बरीच आहे. त्या ट्रॅकवर आता परत ठेवू नका.

आता या मॉडेलची गंमत समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मोटार इंजिनात नाही, टेंडरमध्ये आहे. टेंडर ढकलतं आणि इंजिनाची चाकं नुसती घरंगळतात. वीजही अशीच वाटून घेतलेली: एका रुळावरची इंजिनाची चाकं उचलतात, दुसऱ्या रुळावरची टेंडरची, आणि दोन्हींचा मेळ त्यांना जोडणाऱ्या पट्टीतून होतो. त्या पट्टीच्या खिळ्यावर काळा थर बसला की सगळं ठीक असूनही इंजिन मेलेलं वाटतं. म्हणून आधी इंजिन आणि टेंडर वेगळे करा, आणि दोघांची तपासणी वेगवेगळी. एकत्र तपासत बसलात तर आठवडा जाईल.

टेंडर: वरचं कवच काढा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या, दोन वायरी थेट मोटारीच्या दोन ब्रशच्या (फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) जागी टेकवा. फिरली तर उत्तम. नाही फिरली तर ब्रश काढून बघा किती झिजलेत, आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात ती तुकड्यांची तांब्याची चकती) आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने पुसा. कम्युटेटरच्या तुकड्यांमधल्या खाचांत कार्बनची काळी भुकटी भरलेली असते, ती लाकडी टूथपिकने काढा, सुईने नको. तरीही ढिम्म असेल तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून लगतच्या दोन-दोन तुकड्यांमधलं रेझिस्टन्स मोजा. आकडा किती आला याला महत्त्व नाही, सगळ्या जोड्यांचा आकडा साधारण सारखा यायला हवा. एखादा भलताच कमी किंवा अनंत आला तर ती गुंडाळी गेली.

इंजिन: टेबलावर काच ठेवा, वर इंजिन ठेवा, बोटाने हलकं ढकला. चाकं फिरतात की घसटत जातात? घसटत असतील तर डावीकडचे रॉड अडकलेत. मग टेंडरने कितीही जोर लावला तरी काही होणार नाही.

अल्कोहोल फक्त धातूवर. रंगावर, नंबरावर, त्या नारिंगी-काळ्या रेघांवर लागलं तर सगळं पुसून येईल. कवच धुवायचं तर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, बस.

पैशाच्या हिशेबाने परवडेल का असं मात्र विचारू नका. परवडत नाही. पण टायर आणि ब्रश अजून मिळतात, आणि इंग्लंडात तर फारच सहज. इकडे पुण्यात मला एक टायर मागवायचा तर टपालखर्चात दुसरं इंजिन येईल.

---

मिरज_ते_स्विंडन

रूळावरची ताई, दंडवत. कंट्रोलर डिजिटलच निघाला. अंकलना विचारलं तर म्हणाले, "सगळ्यात महागातला आहे." महागातला असण्याचा तोटा पहिल्यांदा पाहिला.

टेंडर उघडलं. आत तपकिरी चिकट थर, जुनं तेल वाळून डिंकासारखं झालेलं. गिअरच्या दातांत कार्पेटचे लाल धागे. ते चिमट्याने ओढून काढले, अल्कोहोलने पुसलं, बॅटरी लावली: फिरली! आधी कुरकुरत, मग बऱ्यापैकी.

इंजिन काचेवर ढकललं तर पहिल्या थोड्या अंतरात चाकं फिरतात, मग एकदम गच्च, पुढे घसटत जातं. मागे घेऊन परत ढकललं की तसंच. म्हणजे रॉडच. यातलं मला काहीच कळत नाही. वाकलेलं सरळ करायला पकडीने ओढू का?

---

भुसावळ_फिटर

पकड खाली ठेव आधी!

मी मॉडेलवाला नाही, पण भुसावळ शेडमध्ये खलाशी म्हणून लागलो आणि मिस्त्री होऊन निवृत्त झालो. स्टीमची शेवटशेवटची वर्षं हातांनी पाहिलीत. नातीने हा धागा दाखवला. टेंडर इंजिनाला ढकलतं हे वाचून चहा नाकात गेला. आमच्या चार्जमनला हे सांगितलं असतं तर त्याने मला रजेवर पाठवलं असतं. म्हणजे तुझ्याकडे सगळी उलटी गंगा: खऱ्या इंजिनात पिस्टन रॉडला ढकलतो आणि रॉड चाकाला. तुझ्याकडे चाक रॉडला फिरवतं आणि पिस्टन बिचारा मागे-पुढे फरफटत जातो. पण अडकण्याची कारणं तीच, कारण भूमिती तीच.

आमच्याकडेही असा एक शेवटचा होता, डब्ल्यूजी १०५६०, चित्तरंजनला १९७० मध्ये बांधलेला, 'अंतिम सितारा'. ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन. त्याची जोडलेली चाकं आठ, तुझी दहा. दहा म्हणजे दुखणी दोनने जास्त.

आता नावं शिकून घे, नाहीतर मी काय बोलतो ते समजणार नाही. एका बाजूच्या पाचही चाकांना जोडणारा लांब दांडा तो साइड रॉड. क्रॉसहेडपासून मधल्या मोठ्या चाकाच्या खिळ्यापर्यंत जातो तो कनेक्टिंग रॉड. त्याच खिळ्यावर बाहेरून बसवलेला छोटा तिरपा तुकडा तो रिटर्न क्रँक. त्याच्यापासून वर मागे-पुढे झुलणाऱ्या वाकड्या पट्टीकडे जातो तो एक्सेंट्रिक रॉड. हा सगळा पसारा म्हणजे वाल्शार्ट गिअर. तुझ्या गावातल्या म्युझियममध्ये बघायला जाशील तर तिथे ग्रेट वेस्टर्नची इंजिनं आहेत, त्यांचा गिअर बहुतेक फ्रेमच्या आत लपवलेला असतो, तुला काही दिसायचं नाही. ९२२२० चे फोटो बघ, डाव्या बाजूचे, जवळून घेतलेले.

मग इंजिन उलटं कर, मऊ फडक्यावर पाठ टेकवून. मधलं चाक बोटाने अगदी सावकाश फिरव. अडलं की थांब, जोर लावू नको. कुठल्या कोनात अडलं ते लक्षात ठेव आणि भिंगातून बघ, कोण कोणाला लागलंय. दर फेऱ्याला नेमकं त्याच जागी अडत असेल तर रॉड वाकलाय किंवा चाक ॲक्सलवर सरकलंय. कधी इथे, कधी तिथे अडत असेल तर ॲक्सलला धागे-केस गुंडाळलेत. टेंडरमध्ये कार्पेट निघालं म्हणतोस, मग इथेही निघणार.

तू लिहिलंय ते वाचून मला वाटतं, आपटल्यावर तुझा रिटर्न क्रँक फिरलाय. हा तुकडा खिळ्यावर नुसता दाबून बसवलेला असेल. कनेक्टिंग रॉडचा खिळा सगळ्यात खाली आणला की रिटर्न क्रँक पुढे, सिलिंडरकडे झुकलेला दिसायला हवा. उजवी बाजू शाबूत आहे ना? तिच्याशी ताडून बघ. मात्र एक लक्षात घे: डावी आणि उजवी एकाच वेळी सारखी दिसणार नाही. दोन्ही बाजूंचे खिळे एकमेकांशी काटकोनात बसवलेले असतात. एक पिस्टन टोकाला पोचून अडला तरी दुसरा मध्यावर असतो, म्हणून इंजिन कधी मेल्या बिंदूवर उभं राहत नाही. म्हणून आधी उजवीकडचा खिळा खाली आण, फोटो काढ. मग डावीकडचा खाली आण, फोटो काढ. मग दोन्ही शेजारी ठेव. डावीकडचा फोटो आरशात बघितल्यासारखा दिसला पाहिजे.

हे करता करता क्वार्टरिंगही, म्हणजे खिळ्यांचा हा कोन, तपास. डावीकडचे पाचही खिळे एकाच कोनात उभे आहेत का? एकही मागे-पुढे असेल तर ते चाक ॲक्सलवर सरकलंय. घट्ट धरून कणभर फिरवलं तर जागेवर येतं, पण प्रत्येक वेळी पकड थोडी सैल होते. फिरवायचं असेल तर एकदाच, विचार करून.

वाकलेल्या रॉडचं: जागेवर असताना वाकवायचं नाही. प्लास्टिकचा सिलिंडर, प्लास्टिकचा ब्रॅकेट, सगळं तुटेल. निघतो तेवढा रॉड काढ, दोन सपाट कडक लाकडांमध्ये ठेव, व्हाइसमध्ये सावकाश आवळ. एकदाच, सरळ. पुढे-मागे वाकवत राहिलास तर पत्रा थकतो आणि मोडतो. शेडमध्ये आम्ही रॉड तापवून सरळ करायचो, ते तू करू नकोस, तुझ्याकडे सगळं पातळ आणि मुलामा दिलेलं. रिवेटजवळ सोल्डरिंगही नको, उष्णता पलीकडे प्लास्टिकपर्यंत जाते.

आणि फ्रेम? ती ओतीव आहे, जस्ताच्या मिश्रधातूची. तिला वाकवायला जाऊ नको, कडकन तुटते. भिंगातून तिच्यावर केसासारख्या भेगा आणि फुगवटा दिसला तर कळव. तो रोग असतो, मिश्रणात शिसं गेलेलं असलं की होतो, आणि त्याला औषध नाही.

शेवटी तेल. शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर चढेल तेवढंच. खोबरेल लावशील तर तुमच्या इंग्लंडात ते डब्यातच नाही, बेअरिंगमध्येही गोठेल.

---

रूळावरची

काका, जबरदस्त! फक्त तेलाबद्दल थोडं वेगळं मत. धातूवर धातू घासतं तिथे शिलाई मशीनचं तेल चालेल, पण टेंडरचे गिअर आणि इंजिनाचं कवच प्लास्टिकचं आहे, काही खनिज तेलं प्लास्टिकला ठिसूळ करतात. प्लास्टिकला चालेल असं लिहिलेलं हलकं तेल मॉडेलच्या दुकानात मिळतं, तेच घ्या. मोटारीच्या ब्रशवर तर कुठलंच तेल नाही, नाहीतर तो डिंक परत तयार होईल.

तडा गेलेला पत्रा जोडायला सुपरग्लू नको. सुकताना त्याची वाफ बसून आजूबाजूचा रंग पांढुरका होतो. पॉलिस्टीरिनसाठीचं पातळ सॉल्व्हंट घ्या, तडा दोन्ही बाजूंनी मिळवून धरा आणि बारीक ब्रशचं टोक फक्त शिवणीला टेकवा, ते आपोआप आत ओढलं जातं. मागून लावा, पुढून नाही.

आणि कृपा करून पुन्हा रंगवू नका. चिमणीच्या तांब्याच्या कडेवरचा रंग उडाला असेल तरी राहू दे. मूळ रंगाचं ओरखडे असलेलं इंजिन मला घरी रंगवलेल्या चकचकीत इंजिनापेक्षा दहापट आवडतं. हे माझं मत, भांडायला हरकत नाही.

---

भुसावळ_फिटर

तेलाचं मान्य. प्लास्टिकचे गिअर आमच्या नोकरीत आले नाहीत.

एक विचारायचं राहिलं. नातीने सांगितलं, हे ओओ म्हणजे एका फुटाला ४ मिलिमीटर, आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. म्हणजे खऱ्या हिशेबाने ४ फूट दीड इंच. इंग्लंडचा गेज ४ फूट साडेआठ इंच. सात इंच गेले कुठे?

---

रूळावरची

काका, हा प्रश्न विचारून तुम्ही इंग्लंडातल्या मॉडेलवाल्यांच्या शंभर वर्षांच्या भांडणात पाय ठेवलात. रूळ एचओचे, म्हणजे १:८७ चे, आणि इंजिन १:७६ चं. ब्रिटिश इंजिनं आकाराने आधीच लहान, एचओत ती इतकी बारीक झाली असती की त्या काळच्या मोटारी आत मावल्या नसत्या. म्हणून इंजिन फुगवलं आणि रूळ तेच ठेवले. आजही काही लोक सगळी चाकं उपटून १८.८३ मिलिमीटरवर बसवतात. मिरजकर, तुम्ही यात पडू नका.

---

भुसावळ_फिटर

तीन गेजच्या स्टेशनावरचा माणूस आहे तो, मिरजेला ब्रॉड, मीटर, नॅरो सगळं होतं. त्याला हे नवीन नाही.

---

मिरज_ते_स्विंडन

काका, तुमचा अंदाज अर्धा बरोबर निघाला. रिटर्न क्रँक डावीकडे मागे झुकलेला होता, फोटो शेजारी ठेवल्यावर लगेच दिसलं. त्यामुळे एक्सेंट्रिक रॉड दर फेऱ्याला साइड रॉडच्या खिळ्याच्या डोक्यावर आदळत होता. तिथे घासून घासून चकचकीत ओरखडा पडलाय, म्हणजे कोणीतरी बराच काळ तसंच चालवलंय. क्रँक फिरवून पुढे आणला. एक्सेंट्रिक रॉड काढून लाकडांत आवळला. क्रॉसहेड पट्ट्यांमध्ये चिमट्याने परत सरकवला, त्याला फक्त वरची पट्टी केसभर उचलावी लागली. पाचही खिळे एका कोनात आहेत, फ्रेमवर भेगा नाहीत. तिसऱ्या ॲक्सलवर लाल धाग्यांचं कडं निघालं, तेच कार्पेट.

आता काचेवर बोटाने ढकललं की चाकं शेवटपर्यंत फिरतात.

अंकलनी माळ्यावरून जुना साधा १२ व्होल्टचा कंट्रोलर काढून दिला, आणि दोन मीटर सुटा ट्रॅक. पट्टीचा खिळा बारीक काचकागदाने घासला, जोडलं, लावलं. पुढे चालतंय! टायर कडक असल्याने नुसतं इंजिन-टेंडर जातं, तीन डबे जोडले की टेंडरची चाकं जागच्या जागी गरगरतात. टायर मागवलेत. तडा सॉल्व्हंटने जोडला, शिवण नखाला लागते पण डोळ्याला नाही. रंगाला हात लावलेला नाही.

मागे मात्र लंगडतं. उलट दिशेला नॉब फिरवला की निघतं, थांबतं, निघतं. परत रॉड का?

---

भुसावळ_फिटर

इंजिन टेंडरपासून सोडव आणि काचेवर मागच्या दिशेने ढकल. अडलं तर रॉड. सुरळीत गेलं तर माझं काम संपलं, ताईंना विचार.

---

मिरज_ते_स्विंडन

सुरळीत जातं, दोन्हीकडे.

---

रूळावरची

मग टेंडरच. बॅटरीच्या वायरी उलट्या लावून मोटार ऐका. तशीच लंगडली तर दोन ब्रश शेजारी ठेवून बघा, एक दुसऱ्यापेक्षा आखूड असेल किंवा एका बाजूची स्प्रिंग सैल पडली असेल. टायर मागवलेत त्याच दुकानाला ब्रश आणि स्प्रिंगची जोडी पाठवायला सांगा, एकाच टपालखर्चात येईल. कॅबच्या पायरीसाठी ०.५ मिलिमीटरचा प्लास्टिकचा पत्रा लागेल, तोही त्यातच मागवा. माप उजवीकडच्या पायरीवरून घ्या.